पूर्वेस म्हैस

पालीच्या महिला दूध संस्थेला जागा मिळाली. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण अजून मोजणी व्हायचीय.

संस्थेच्या अध्यक्ष भामाबाई सकाळपासून दस्त छातीशी धरून मोकळ्या जागेत उभ्या होत्या. दूध गार करायची मशीन मंजूर झाली होती. पण आज हद्द कायम झाली नाही, तर ती लिंबागणेश गावाला जाणार होती. मी संस्थेचा सचिव, म्हणजे छत्री धरायला.

मोजणीदार सुंदरराव दस्तातली चतुःसीमा मोठ्यानं वाचू लागले. “पश्चिमेस ओढा. दक्षिणेस गाडीवाट. उत्तरेस लिंब. पूर्वेस...” त्यांनी चष्मा पुसला. “पूर्वेस म्हैस.”

“बरोबर हाय,” भामाबाई म्हणाल्या. “बहात्तरच्या दुष्काळात लिवलंय. समद्या गावाची जनावरं बाजारात गेलती, ही एकच राहिलती. लिवणाऱ्याला दुसरी पक्की खूण दिसंना.”

शेजारचे आश्रुबा लई खूश झाले. “म्हैस मरून जमाना झाला. आता पूर्वेला हद्दच न्हाई, वहिनी!”

“न्हाई ना? मग आमची जागा पार लातूरपर्यंत. धरा सायेब टेप.”

सुंदररावांनी खरंच टेप धरला. तो आश्रुबांच्या वाळल्या तुरीतून त्यांच्या ओसरीकडं निघाला, तसे आश्रुबा आडवे झाले.

“थांब बे!” मग साहेबांना बे म्हटल्याचं ध्यानात येऊन, “थांबा जी. म्हशीचा खुंटा मला म्हाईत हाय.”

आश्रुबांनी आपला उकिरडा आपणच उपसला. खाली लोखंडी खुंटा निघाला.

“कावून लपवलता, भावजी?”

“लपवला न्हाई. झाकलता.”

“खुंटा चालंल ना, सायेब?” भामाबाईंनी विचारलं.

“दस्तात म्हैस आहे. जागेवर म्हैस पाहिजे.”

भामाबाईंनी घरची म्हैस आणून खुंट्याला बांधली. साहेबांनी लिहिलं : ‘पूर्वेस म्हैस, जागेवर आढळली.’ हद्द कायम.

यंदाही दुष्काळच; दुसऱ्याच दिवशी चारा छावणीची नोटीस लागली. जनावर छावणीत बांधलं तरच चारा. म्हैस नेली तर हद्द जाते, नाही नेली तर म्हैस जाते. भामाबाईंनी सांगितला तसा अर्ज मी लिहिला :

‘मा. तहसीलदार साहेब, सदर म्हैस दस्तानुसार पूर्व दिशेचे काम पाहत असल्याने तिला छावणीतील हजेरी माफ करून चारा व पाणी हद्दीवरच पोच करावे. तसेच तिच्या निधनानंतर तिच्या रेडकास अनुकंपा तत्त्वावर त्याच खुंट्यावर सामावून घ्यावे, ही नम्र विनंती.’