धरायला माणूस

“काका, बोल्ट काय बघत बसलात? गाडी बघा की,” रेसर म्हणाला.

पंपवाला गुडघे टेकून इंजिनाखाली डोकावत होता. पस्तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काढलेली. कुठलंही यंत्र आधी खालून बघायची सवय. या मोटरसायकलच्या बोल्टांच्या डोक्यांना बारीक भोकं पाडली होती. त्यांतून तार ओवून, पीळ देऊन एक बोल्ट शेजारच्या बोल्टाला बांधला होता. एक सैल पडू लागला की दुसरा त्याला ओढून धरणार.

“हे कुणी बांधलं?”

“मीच. भर वेगात बोल्ट निसटला तर शोधायला कोण जाणार?”

“माझं निम्मं आयुष्य सैल बोल्ट शोधण्यात गेलं,” पंपवाला म्हणाला. “तार कधी सुचलीच नाही बघ.”

रेसर लंगडत पलीकडे गेला. पायात सळई बसवल्यापासून त्याच्या शर्यती बंद झाल्या होत्या. रस्त्यावर चालावी म्हणून त्याने गाडीला दिवे, आरसे लावले होते, कागदपत्रंही करून घेतली होती. “पण खरं सांगतो काका, ही पळण्यासाठी घडवलेली आहे. गर्दीत हळू चालवलीत की तापेल, रुसेल. तुमच्या पाठीचं भजं करेल. खरंच घ्यायचीय?”

पंपवाल्याने डावा हात खिशात घातला. चार महिन्यांपासून तो थरथरत होता. हे वाढत जाणार, असं डॉक्टर म्हणाले होते. गाडी चालवता येईल का, असं विचारल्यावर म्हणाले, “सध्या येईल.” “आणि पुढच्या वर्षी?” यावर ते कागदावर काहीतरी लिहू लागले. घरी त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. जन्मभर तो कुत्र्यांनीही मागे टाकावं अशा मोपेडवरून कामावर गेला होता.

“घ्यायचीय.”

मागच्या चाकाखालची लोखंडी घोडी रेसरने काढली, पंपवाला बसेपर्यंत गाडी धरून ठेवली आणि हसून म्हणाला, “थांबलात की धरायला माणूस लागेल हं.”

पंपवाल्याला ती थट्टा वाटली.

गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर त्याने एकदाच मूठ पिळली. डोळ्यांत पाणी आलं, आणि तो एकटाच मोठ्यानं हसला. मग गर्दी लागली. क्लच दाबून दाबून डावा हात भरून आला.

घरासमोर इंजिन बंद करून तो पायाने स्टँड चाचपू लागला. पाय हवेतच फिरला. त्याने वाकून पाहिलं. एकेक बोल्ट तपासला होता, पण गाडीला स्टँडच नाही हे बघितलं नव्हतं.

“अगं ए, खाली ये जरा!”

बायको खिडकीत आली. “अगं बाई! कुणाची उचलून आणलीत?”

“आपलीच आहे. लवकर ये.”

“मग उतरा की. आरती ओवाळू?”

“उतरता येत नाही. स्टँड नाहीये हिला.”

ती हसत हसत खाली आली आणि तिने हँडल धरलं. हँडलच्या दुसऱ्या टोकाला त्याचा हात होता. तिचं हसू थांबलं.

“हात का हलतोय?”

“गाडीचा हादरा आहे.”

“गाडी बंद आहे.”

त्याने मूठ आणखी घट्ट धरली.

“तुम्हाला चहा अर्धा कपच का देते मी?” ती म्हणाली. “दूध महागलंय म्हणून?”

त्याने तिच्याकडे पाहिलं. गेले दोन महिने त्याच्या बशीत चहा सांडला नव्हता.

“उतरा आता,” ती म्हणाली. “मी धरलीय.”

तो उतरला. दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून गाडी भिंतीपाशी नेली.

“उद्या स्टँड बसवून घ्या.”

“घेतो.”

पण ते राहूनच गेलं. पुढे वर्षभर दर रविवारी सकाळी कोपऱ्यावर इंजिनाचा आवाज आला की ती गॅस बंद करायची, पदराला हात पुसत खाली यायची आणि दारात उभी राहायची.