ओंदोआंचं सूत्र

लेओकादी चुएन्तेला प्रोफेसर बार्नाबे ओंदोआंनी घडवलं, हे विद्यापीठात कुणीही सांगितलं असतं. ओंदोआ तर न विचारताच सांगायचे. आणि ते खरंही होतं. देशाच्या पश्चिम भागातल्या बाफूसामच्या बाजारात कापड विकणाऱ्या बाईची ही मुलगी राजधानीत, याउंडेला, शिकायला आली, तेव्हा शाळेत फिजिक्स शिकवण्यापलीकडे तिच्या डोक्यात काही नव्हतं. मग ओंदोआंचा तास झाला. त्यांनी फळ्यावर प्रकाशाचा एक स्पंद काढला. काचेतून जाताना तो पसरतो, विस्कटतो. पण प्रकाश पुरेसा तीव्र असेल तर तो काचेचाच स्वभाव बदलतो, आणि ती बदललेली काच त्याला पुन्हा आवळून धरते. पसरणं आणि आवळणं यांचा मेळ बसला की स्पंद जसाच्या तसा पुढे जातो. लेओकादी त्या तासानंतर बाकावरून उठलीच नाही. पुढच्या वर्गाची मुलं येऊन बसली तरी ती तिथेच होती.

ओंदोआंचं नाव बाहेरच्या देशांत एका सूत्रामुळे झालं होतं. केसाहून बारीक प्रकाशवाट पुढे निमुळती होत गेली, तर स्पंद अखंड राहण्यासाठी काय करावं लागेल, ते त्या सूत्रात होतं. लेओकादीने पीएचडीसाठी तेच पुढे न्यायला घेतलं आणि तिच्या लक्षात आलं की सरांनी एक पद नगण्य म्हणून सोडून दिलंय. ते नगण्य नव्हतं. ते धरलं तर स्पंद अखंड राहत नव्हता, फुटत होता.

तिने हे चारचौघांत सांगितलं नाही. त्यांच्या खोलीत गेली, दार लावलं आणि कागद पुढे ठेवला. ओंदोआंनी तो बराच वेळ वाचला.

"कुणाला दाखवलंस हे?"

"कुणालाच नाही, सर."

"छान. मग ते पद काढून टाक आणि प्रबंध पुरा कर."

"पण सर, ते पद आहेच ना."

"पोरी, मी हे सूत्र लिहिलं तेव्हा तू आईच्या पाठीवर बांधलेली होतीस," ओंदोआ म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "पाठीवरून उतरलीस म्हणून लगेच माझ्या डोक्यावर चढू नकोस."

तिने प्रबंधातून ते पान काढलं. पदवी मिळाली. मग ती जर्मनीला गेली, तिथे काही वर्षं काढली, आणि तेच पान एकटीच्या नावावर एका चांगल्या नियतकालिकात छापून आणलं. शीर्षकात ओंदोआंचं नाव नव्हतं, पण ज्यांना कळायचं त्यांना कळलं. तिथेच राहायचं सोडून ती परत आली, याचं सगळ्यांनाच नवल वाटलं. ओंदोआंना वाटलं नाही. ती आपल्याला खिजवायला आली आहे, अशीच त्यांची खात्री होती. अगदी खोटंही नव्हतं ते.

विभागप्रमुख तेच होते. त्यांनी तिला पहिल्या वर्षाचे सगळे तास दिले. सभागृह खच्चून भरलेलं, माइक बंद, खिडक्यांतही मुलं बसलेली. संध्याकाळपर्यंत तिचा घसा बसायचा. विभागाच्या बैठकीत ती बोलायला लागली की ओंदोआ घड्याळ काढून किल्ली द्यायला लागत. कॉफीच्या टपरीवर ते म्हणत, "ही पश्चिमेकडची माणसं. यांना विद्यापीठही दुकानच वाटतं. पाटी उतरवायची आणि आपली लावायची." ऐकणारे हसत. तिला दिसेल असे हसत.

खरं भांडण पेटलं ते लेझरवरून. अतिसूक्ष्म स्पंद सोडणारा एक लेझर परदेशातल्या एका संस्थेने विभागाला भेट दिला होता. मंत्र्यांनी फीत कापली, फोटो निघाले, आणि त्या दिवसापासून खोलीला कुलूप लागलं. किल्ली ओंदोआंकडे. पाहुणे आले की ते खोली उघडून दाखवत, चादर जराशी उचलत आणि पुन्हा झाकत. लेओकादीने जर्मनीहून एक चिप आणली होती. नखाएवढ्या त्या चिपवर निमुळत्या, प्रत्येकी वेगळ्या मापाच्या प्रकाशवाटा कोरलेल्या होत्या. लेझरचा प्रकाश डोळ्यांना न दिसणारा. ओंदोआंचं सूत्र खरं असेल, तर वाटेच्या दुसऱ्या टोकालाही काहीच दिसणार नाही. तिचं खरं असेल, तर स्पंद आत फुटेल आणि त्या फुटण्यातून दिसणारा रंग बाहेर पडेल.

तिने अर्ज केला. उत्तर नाही. ती समोर जाऊन उभी राहिली.

"ते यंत्र नाजूक आहे," ओंदोआ म्हणाले.

"वापरलं नाही तर जास्त बिघडतं, सर."

"तुला ते वापरायचं नाहीये. तुला ते माझ्यावर रोखायचंय."

"सूत्र बरोबर असेल तर तुम्हाला काय भीती?"

त्यांनी तिला बाहेर जायला सांगितलं.

पुढे पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी ओंदोआ दुआलाच्या दवाखान्यात दाखल झाले, तेव्हा डॉ. बेकोलो हंगामी प्रमुख झाले. बेकोलो कुणालाच नाही म्हणू न शकणारा माणूस. लेओकादीने विचारलं, किल्ली नाही तर कुलूप कापू का? बेकोलोंनी खिडकीबाहेर बघत मान हलवली. तिने त्याच दुपारी करवत आणली.

आत ओलीचा वास होता. चादरीखाली पालीची अंडी. भिंगांवर बुरशीची जाळी धरलेली. लेझर मात्र बंद डब्यातला असल्यामुळे शाबूत होता. भिंगं पुसणं, मेज समतल करणं, वीज असेल तेव्हाच काम आणि गेली की पुन्हा पहिल्यापासून जुळवणं, यात कितीतरी दिवस गेले. प्रकाश त्या बारीक वाटेत शिरवणं म्हणजे वाऱ्यात सुईत दोरा ओवणं. शेवटी एका सकाळी चिपच्या काठाशी हिरवा ठिपका उमटला. टाचणीच्या टोकाएवढा, पण लख्ख. ती नाचली नाही की कुणाला हाक मारली नाही. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच: आता बघ, म्हाताऱ्या.

म्हातारा आला तो पोटावर पट्टा बांधूनच. वर्गातली मुलं व्हरांड्यात उभी होती.

"माझ्या प्रयोगशाळेत चोरासारखी शिरलीस."

"चोर वस्तू बाहेर नेतो. मी इथेच आहे."

"तुला मी इथे आणलं. मी."

"आणलंत. आणि मग दार लावून घेतलंत."

त्यांनी लेझर बंद करायला बटणाकडे हात नेला. ती आडवी आली. दोघं इतकी जवळ होती की त्यांच्या अंगाचा औषधी वास तिला आला. ते मागे सरले आणि डीनच्या कचेरीकडे चालायला लागले.

चौकशी समिती बसली. अध्यक्ष शेतकी विभागाचे प्रोफेसर बुबाकारी, उत्तरेकडचे उंच, कमी बोलणारे गृहस्थ. बेकोलो साक्षीला आले आणि म्हणाले, "मी 'बघू या' म्हटलं होतं. 'कापा' नव्हतं म्हटलं." लेओकादीने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पुन्हा खिडकी शोधली.

"तुम्हाला काही सांगायचंय?" बुबाकारींनी तिला विचारलं.

"सांगायचं नाही. दाखवायचंय. खोली पलीकडेच आहे आणि सध्या वीज आहे."

ओंदोआ ताडकन म्हणाले, "ही समिती आहे, जत्रा नाही."

बुबाकारी तोवर उठले होते. बसून बसून त्यांचे पाय अवघडले होते, की खरंच बघायचं होतं, कुणास ठाऊक. सगळी मंडळी त्यांच्या मागून गेली.

खोलीत अंधार केला. हिरवा ठिपका दिसला. ओंदोआंनी वाकून पाहिलं आणि सरळ होत म्हणाले, "असल्या लेझरच्या आतल्या काचतंतूत हिरवा उजेड असतोच. तो गळतोय. पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे माहीत असतं. महाशय, या बाईंनी कुलूप तोडून गळती शोधून काढली."

हरकत पक्की होती. लेओकादीला क्षणभर त्यांच्याबद्दल जुना आदर वाटला, आणि त्याचा तिला रागच आला.

"सर म्हणतात ते खरं असेल, तर वाट कुठलीही घेतली तरी रंग हिरवाच राहील," ती बुबाकारींना म्हणाली. "गळक्या उजेडाला वाटेशी काय देणंघेणं? माझ्या हिशेबाने शेजारच्या वाटेतून नारिंगी यायला हवा. त्याच्या पलीकडच्या वाटेतून लाल. आधीच सांगून ठेवते."

तिने स्क्रू किंचित फिरवला. ठिपका विझला. कुणीतरी खाकरलं. तिने हात झग्याला पुसला आणि स्क्रू पुन्हा फिरवला. चिपच्या काठावर नारिंगी ठिणगी उभी राहिली. मग लाल.

"लाल," बुबाकारी म्हणाले. त्यांना त्यातलं काही कळलं नव्हतं, पण बोलल्याप्रमाणे झालं एवढं कळलं होतं.

लेओकादी ठिपक्याकडे बघत नव्हती, ती ओंदोआंकडे बघत होती. त्यांच्या चेहऱ्यावर धक्का नव्हता. ओळखीचा माणूस दारात आल्यावर दिसतं तसं काहीतरी होतं. यांना आधीपासून माहीत होतं, तिला वाटलं. ती त्यांच्या खोलीत कागद घेऊन गेली त्याच्याही आधीपासून.

"रंग असो," ओंदोआ म्हणाले. "कुलूप तोडलं की नाही?"

निकाल तसाच लागला. तिच्या सेवापुस्तिकेत ठपका आला, बढती लांबली. पण बुबाकारींनी नव्या कुलुपाची किल्ली ओंदोआंना दिली नाही. ती डीनच्या कचेरीत राहील, आणि ज्याला काम असेल त्याने वेळ ठरवून न्यावी, असं त्यांनी लिहून घेतलं. ओंदोआंनी त्यानंतर तिच्याशी बोलणं टाकलं. जिन्यात समोर आली तर ते भिंतीकडे तोंड करून थांबत.

पुढच्या पावसाळ्यात परदेशातल्या एका संपादकाने तिच्याकडे एक लेख तपासायला पाठवला. लेखक ओंदोआ. जुन्या सूत्रात त्यांनी ते सोडलेलं पद घातलं होतं, आणि त्याला 'लेखकाच्या आधीच्या कामाचा विस्तार' म्हटलं होतं. चुएन्ते हे नाव कुठेही नव्हतं.

तिने आईला फोन केला.

"गाड त्याला," आई म्हणाली. मागे बाजाराचा गलका होता. "माझ्या गठ्ठ्यातलं कापड कुणी स्वतःचं म्हणून विकायला बसला असता, तर मी त्याच्या अंगावरचंही सोडलं नसतं."

"तो नुसता चोर असता तर सोपं होतं, मामाँ."

"मग कोण आहे?"

लेओकादीने फोन ठेवला आणि लेख पुढ्यात ओढला.

तिने सगळी आकडेमोड स्वतः पुन्हा केली. एका ठिकाणी अधिकऐवजी उणे चिन्ह हवं होतं. तिने संपादकाला लिहिलं की या लेखकाशी माझं वैर आहे, तेव्हा आणखी कुणालातरी दाखवा. मग लिहिलं की काम बरोबर आहे, हे चिन्ह सुधारा, आणि मुख्य निष्कर्ष आधीच छापलेला आहे; कुणी छापलाय ते सांगितल्याशिवाय हा लेख घेऊ नये. खाली सही केली. गुप्त राहायची मुभा होती, ती तिने घेतली नाही. लेख छापून आला तेव्हा पहिल्याच परिच्छेदात चुएन्ते हे नाव होतं. ओंदोआंना ते स्वतःच्या हाताने लिहावं लागलं होतं, याचं तिला सुख झालं, आणि त्या सुखाची लाज वाटली नाही.

ओंदोआंच्या निवृत्तीच्या जेवणाला ती उशिरा गेली. भाजलेला मासा आणि कसाव्याच्या पिठाचे मिओंदो वाढून घेऊन ती कोपऱ्यात बसली. ओंदोआ ताट घेऊन तिच्यासमोरून जाता जाता थांबले. कितीतरी महिन्यांनी.

"चिन्हाची चूक तू काढलीस."

"हो. सही होती माझी."

"दुसऱ्या कुणाला सापडली नसती," ते म्हणाले. कौतुक वाटू नये अशा बेताने, तक्रार नोंदवावी तसं. "पण तू वाईट माणूस आहेस, लेओकादी."

"तुमच्याच हाताखाली शिकले, सर."

ते ताट घेऊन पलीकडच्या टेबलाकडे गेले. भाषणं सुरू व्हायच्या आत तिने हात धुतले. दुपारची लेझरची वेळ तिच्या नावावर होती, आणि विभागात अजून वीज होती.