जाकिटातला माणूस

खुर्चीत कोणी नव्हतं. हॉलमधली सगळी माणसं त्या खुर्चीकडे नाही, तर तिच्या मागच्या मोठ्या पडद्याकडे डोळे लावून बसली होती. गेलेल्या माणसांचं दर्शन घडवणाऱ्या दृष्टीदादांनी एक निळं जाकीट खुर्चीच्या पाठीवर चढवलं, कॉलर नीट केली, दिवे मंद केले आणि कॅमेऱ्याला नमस्कार केला. पडद्यावर त्याच खुर्चीचं चित्र आलं. मग जाकिटाभोवती एक हिरवी रेघ उमटली. डोकं, खांदे, दंड. रेघेच्या वर अक्षरं आली: माणूस.

"आला," पहिल्या रांगेतली आई हळूच म्हणाली.

हॉलभर हुंदके सुरू झाले. दादांनी ते पुरेसे होऊ दिले आणि मग तोंड उघडलं. "डोळा फसतो, मन फसतं, यंत्र फसत नाही. यंत्राला ना माया, ना लोभ. जे असतं तेच ते दाखवतं." स्वतः दादांना या दोन्ही गोष्टी होत्या की नाही, हे विचारायची तिथे कोणाची छाती नव्हती.

आईच्या शेजारी तिची मुलगी, ताई, बसली होती. ते निळं जाकीट तिच्या धाकट्या भावाचं होतं. क्रेन चालवायचा तो. एके दिवशी कामावर गेला आणि घरी फक्त हे जाकीट आलं.

"बघ ना," आईने तिचा हात दाबला. "श्वास घेतोय. छाती हलतेय त्याची."

'श्वास' हा शब्द ताईच्याच धंद्यातला होता. चित्रात किंवा व्हिडिओत कुठली वस्तू कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे संगणकाला शिकवणाऱ्या प्रयोगशाळेत ती संशोधक होती. संगणकाने आखलेली कड व्हिडिओत सारखी थरथरते. त्या थरथरीला तिथे सगळे गमतीने 'श्वास' म्हणायचे. "आज माझं कपाट फार धापा टाकतंय," असं म्हणत मंडळी चहाला उठायची. तो श्वास बंद करण्यात ताईच्या नोकरीची निम्मी वर्षं गेली होती, आणि इथे तिची आई त्याच श्वासावर जगत होती.

जगत तरी कसली. आईच्या हृदयाची झडप निकामी होत चालली होती. ऑपरेशन आता टाळू नका, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. आईचं एकच म्हणणं, "मी दवाखान्यात पडले तर इथे त्याच्यासमोर कोण बसेल?" घरी ताईने समजावून पाहिलं, चिडून पाहिलं, शेवटी हात टेकले. "तुला भाऊ दिसत नाही, त्यात यंत्राचा काय दोष?" आई म्हणाली होती. म्हणून आज ताई इथे आली होती.

ती उठली. अंगातला कोट काढून पुढे गेली आणि म्हणाली, "भावाचं जाकीट काढून जरा हा ठेवा."

"हा कोणाचा?"

"माझा. मी अजून आहे."

हॉलमध्ये कुजबूज झाली. दादा गोड हसले. "जिवंत माणसाच्या कपड्याने दर्शन होत नसतं, ताई. यंत्राला राग येतो."

"आत्ताच म्हणालात की त्याला काही नसतं," मागून एक सुतार बोलला. त्याच्या मांडीवर बायकोची शाल होती.

दादांनी नाइलाजाने कोट चढवला. हिरवी रेघ आली. माणूस. लोकांनी एकदा पडद्याकडे आणि एकदा उभ्या असलेल्या ताईकडे पाहिलं. पण दादा मुरलेले होते. "बघा, लेकीच्या कोटातही पूर्वज येऊन बसले. केवढं भाग्य."

आणि मग आईच उठली. तिला दादांची बाजू राखायची होती. "दादा, तुमचं जाकीट ठेवा. तुमच्यावर तरी कोणी शंका घेणार नाही. एकदा या पोरीचं तोंड बंद होऊ दे."

दादांची पंचाईत झाली. नाही म्हणता येईना, हो म्हणवेना. शेवटी त्यांनी अंगातलं पांढरं जाकीट उतरवून खुर्चीला घातलं. पडद्यावर खांदे उमटले, डोकं उमटलं, छाती हलू लागली.

"माझे गुरू," दादा घाईने म्हणाले.

आईने पडद्याकडे पाहिलं, दादांकडे पाहिलं. मग अगदी साधेपणाने तिने विचारलं, "तुमच्या जाकिटात तुम्ही नाही, दुसरंच कोणी बसतं. मग माझ्या मुलाच्या जाकिटात इतके दिवस कोण बसत होतं?"

दादांनी आपलं जाकीट झटकन खुर्चीवरून ओढून घेतलं.

ताईने दिवे लावले. खुर्चीच्या पाठीला खांद्यांच्या आकाराची लाकडी पट्टी ठोकलेली होती आणि वर डोक्याच्या जागी काळी गोल उशी. "या यंत्राला लाखो फोटो दाखवलेले असतात," ती म्हणाली. "त्यातल्या प्रत्येक माणसाभोवती कोणीतरी हाताने रेघ काढलेली असते. त्या फोटोंत खुर्चीवर खांदे असले, कॉलर असली की आत बहुतेक माणूस असतो. म्हणून हे अंदाज करतं. अंदाज कच्चा असेल तर यंत्राला गप्प बसवता येतं. यांनी उलट कितीही कच्चा अंदाज असला तरी बोल, असं सांगून ठेवलंय. आणि व्हिडिओ म्हणजे एकामागून एक फोटो. दर फोटोला नवा अंदाज, म्हणून रेघ जराशी हलते. तो श्वास नाही, आई."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सुतार शालीची घडी पुन्हा पुन्हा घालत राहिला. दादा मागच्या दाराने कधी सटकले ते कोणाला कळलंही नाही. आईने मुलाचं जाकीट उचलून छातीशी धरलं आणि ती खाली बसून रडली. धाकटा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. आपण जिंकलो असं ताईला क्षणभरही वाटलं नाही.

घरी आल्यावर आईने विचारलं, "तो नाहीये, हे त्या यंत्राला कळतं का गं?"

"नाही. काय दिसतंय याचा अंदाज करणं एवढंच त्याला येतं. कोण गेलंय ते नाही कळत."

"म्हणजे ते आपल्यालाच बघायचंय."

आईने ऑपरेशनची तारीख घ्यायला सांगितली, पण त्याआधी एक काम आहे म्हणाली.

दादांनी दुसऱ्या गल्लीत नवा हॉल घेतला होता. तिथल्या पायरीवर आई जाऊन बसली. कोणी बापाचा सदरा, कोणी लेकराचं स्वेटर घेऊन येत होतं. आई कोणाला अडवत नव्हती, दादांना शिव्याही देत नव्हती. पदराने घाम पुसत, धाप लागली की थांबत, ती प्रत्येकाला एवढंच सांगत होती, "आत जा, बघा. पण आधी तुमचा स्वतःचा कपडा खुर्चीवर ठेवायला सांगा. त्यातही माणूस दिसला, तर आपल्या माणसाचा कपडा घेऊन घरी जा आणि घरच्यांजवळ रडा."