लॅपटॉपमागचे स्टूल

"आणखी डावीकडे घेऊ का?" बायकोने स्टूल उचलून विचारले.

"नको, तिथंच. लॅपटॉपच्या बरोब्बर मागं बस. आणि हलू नकोस, ते स्टूल कुरकुरतं."

"मी कशाला हलतेय! मुलाखत तुमची आणि घाम मला फुटलाय."

लेकीने दोघांनाही गप्प केले. तिने लॅपटॉपखाली दोन जाड पुस्तके सरकवली, पंखा बंद केला आणि स्क्रीनच्या वरच्या कडेचा बारीक काळा ठिपका बोटाने दाखवला. "बाबा, हा कॅमेरा. याच्याकडे बघून बोलायचं. प्रश्न यंत्र विचारणार."

"आणि ऐकणार कोण?"

"तेच."

सावकाशराव हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. विमा कंपनीत अपघातांच्या दाव्यांच्या खात्यात ते फोनवर बसत. पलीकडचा माणूस रडत असो, ओरडत असो, एका दमात दहा गोष्टी सांगत असो, ते म्हणत, "सावकाश सांगा. घाई नाही." हे इतक्यांदा म्हणत की ऑफिसने तेच नाव पाडले. पुढे कंपनीने फोनवर बोलणारे यंत्र आणले. त्याला शिकवायला जुने फोन ऐकवले, त्यात सगळ्यात जास्त सावकाशरावांचे होते आणि हे सांगताना साहेबांनी त्यांची पाठ थोपटली होती. मग खातेच बंद झाले. न राहवून त्यांनी एकदा घरूनच कंपनीला फोन लावला, तर एक गोड बायकी आवाज म्हणाला, "सावकाश सांगा, घाई नाही." वाक्य नोकरीत राहिले होते, माणूस घरी बसला होता. केसाने गळा कापणे म्हणतात ते याहून वेगळे नसावे.

त्यानंतर त्यांनी कुठे कुठे अर्ज केले ते सांगण्यात अर्थ नाही. आता दुसऱ्या एका विमा कंपनीत जागा निघाली होती. तिथेही फोन यंत्रच घेई, पण रडणारी माणसे त्याला झेपत नसत. कोणी रडायला लागले की फोन माणसाकडे वळवायचा, त्यासाठी थोडी माणसे हवी होती. दिवसभर फक्त रडणारे.

"ही जागा तुमच्यासाठीच आहे," बायको म्हणाली होती, आणि त्यात टोमणा नव्हता.

लेकीचेही घोडे या नोकरीपाशीच अडले होते. "अकाउंट्स घे, जन्माची काळजी मिटेल," असे याच माणसाने तिला छातीठोकपणे सांगितले होते. आता तिचे शिक्षण संपत आले तर तेही काम यंत्रच करू लागले. "बाबा, पुढं काय शिकू?" ती विचारायची. सावकाशराव म्हणायचे, "आधी मला लागू दे. मग बघू." लोकांना धीर देण्यात जन्म गेला, पण पोटच्या पोरीला द्यायला त्यांच्याकडे एवढेच उरले होते.

सरावात मात्र सगळा आनंदच होता. त्या ठिपक्याशी ते पाठ केलेली कविता म्हटल्यासारखे बोलत. फोनवर माणूस दिसत नसे, पण त्याचा श्वास तरी ऐकू येई. ठिपका श्वासही घेत नव्हता. शेवटी बायकोनेच तोड काढली. "मी मागं बसते. मला सांगा."

तर ती बसली. लेक दार ओढून बाहेर गेली.

"नमस्कार," लॅपटॉप म्हणाला. "खोलीत तुम्ही एकटेच आहात ना?"

"हो," सावकाशराव म्हणाले. बायकोने हसू दाबायला तोंडावर हात धरला.

"खचलेल्या माणसाला तुम्ही कधी धीर दिलात, तो प्रसंग सांगा."

त्यांनी एका माणसाची गोष्ट सांगितली. त्याची बायको गाडीच्या अपघातात गेली होती. फोनवर तो एवढेच विचारत राहिला की गाडीत तिची छत्री राहिली आहे, ती मिळेल का. कागदपत्रांचे विचारणे सावकाशरावांच्या जिवावर आले. त्यांनी विचारले, छत्री कोणत्या रंगाची होती? तेव्हा कुठे तो माणूस बोलायला लागला. छत्री कुठे घेतली, ती कशी सारखी विसरायची, आणि मग तो मोठ्याने रडला.

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला ऑफिसातले एवढे कधी सांगितले नव्हते. ती मान हलवत ऐकत होती. डोळे भरून वाहू लागले तरी स्टूल कुरकुरेल म्हणून तिने पुसले नाहीत. तिच्याकडे बघत सावकाशराव असे बोलले की दगडालाही पाझर फुटावा.

दोन दिवसांनी लेकीने त्यांना जिन्यात गाठले.

"बाबा, निकाल आला. आपुलकीला सगळ्यात वरचे मार्क दिलेत."

"मग?"

"नापास केलंय. नजर सारखी कॅमेऱ्यावरून वर जात होती म्हणे. खोलीत दुसरं कोणीतरी असावं असा संशय आहे. अजून एकदाच देता येईल."

सावकाशरावांनी वर घराच्या दाराकडे पाहिले. "आईला बोलू नकोस. तिच्यामुळे गेलं असं वाटेल तिला."

"अहो, पण ती परत बसेल ना!"

"मी बघतो."

बायकोला त्यांनी नेट तुटल्याचे सांगितले. दुसऱ्या खेपेला ती स्टूल घेऊन आली तेव्हा ते घसा खाकरून म्हणाले, "आज नाही बसलीस तरी चालेल."

"का, भिंतीशी बोलणार? शेजारी सांगून आलेय, बेल वाजवू नका म्हणून." तिने स्टूल जागेवर ठेवले. "अहो, तुमच्या नोकरीसाठी मला दुसरं काय करता येतंय? तेवढं तरी करू द्या."

जन्मभर परक्यांना काय बोलावे ते त्यांना सुचत आले. बायकोला सांगायचे दोन शब्द काही जिभेवर येईनात.

"खोलीत तुम्ही एकटेच आहात ना?"

"हो."

प्रश्न तोच आला. त्यांनी छत्रीचीच गोष्ट सांगितली, शब्दही जवळजवळ तेच. फक्त नजर ठिपक्यावर खिळवून ठेवली. डोळ्यांच्या कडेला बायकोची मान हलताना दिसत होती. मग ती जरा डावीकडे झुकली, चेहरा त्यांना दिसावा म्हणून. त्यांनी बघितले नाही. ती उजवीकडे झुकली. तरीही नाही. हळूहळू मान हलायची थांबली. उठून जावे तर स्टूल वाजणार. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली, दवाखान्यात नंबर न आलेल्या माणसासारखी. एकदा तरी वर बघावे असे सावकाशरावांना फार वाटले. छत्रीचा रंग सांगताना तर फारच. पण नोकरी हवी होती.

"छान बोललात," संपल्यावर ती म्हणाली आणि स्टूल उचलून आत गेली.

संध्याकाळी लेक फोन नाचवतच स्वयंपाकघरात आली. "बाबा, पास! आता शेवटची फेरी!" आणि आनंदाच्या भरात तिने सगळेच वाचून टाकले. "आपुलकी साधारण. मागच्या वेळचा दोष दूर झाला आहे. नजर स्थिर. खोलीत अन्य व्यक्ती असल्याचा संशय नाही."

वाचून झाल्यावर तिच्या लक्षात आले.

बायकोने गॅस बारीक केला. "मागच्या वेळी नेट तुटलं होतं ना?"

लेकीने फोन पालथा करून ओट्यावर ठेवला.

"मला सांगायचंत की," ती म्हणाली. "मी काय रागावणार होते?" तिचा आवाज रागाचा नव्हताच, आणि सावकाशरावांना तेच सोसेना. ती पुन्हा गॅसकडे वळली. लेकीने हळूच विचारले, "आई, बाबांना लागली नोकरी तर मी पुढचा फॉर्म भरू ना?"

"भर," आई म्हणाली. "कशाचा भरायचा ते ठरव आधी."

शेवटच्या फेरीच्या दिवशी बायकोने सकाळीच कामे आटोपली. पुस्तके लॅपटॉपखाली तिनेच सरकवली, पंखा बंद केला, कॅमेरा स्वच्छ पुसला. मग स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतले. स्टूल आतच होते. त्यावर तिने तांदळाचा डबा ठेवला होता.

"नमस्कार. खोलीत तुम्ही एकटेच आहात ना?"

सावकाशरावांनी लॅपटॉपच्या वर पाहिले. समोर भिंत होती.

"उत्तर ऐकू आले नाही. कृपया पुन्हा सांगा."

"हो," ते म्हणाले. "एकटाच आहे."