न वाजलेला फोन

तक्त्यातल्या त्या चौकोनात शून्य होतं. रविवार, पहाटेचे पाच चाळीस. खिंडीवरच्या खांबाने गेल्या तासात मोजलेला नवा बर्फ: शून्य. वरच्या ओळीत नऊ सेंटिमीटर, त्याच्या वर सहा, आणि मग एकदम शून्य. तिथून खाली सकाळी आठपर्यंत शून्यंच शून्यं.

रस्ते कचेरीतले संगणक सांभाळणाऱ्या गुलबेगिमने ती ओळ पहिल्यांदा पाहिली, त्याला आज अकरा दिवस झाले होते. खांबावरचा डोळा बर्फाखाली गाडला गेला की तो काहीच पाठवत नसे आणि चौकोन रिकामा राही. सात हिवाळे असंच चाललं होतं. रिकामा चौकोन दिसला की खोरोगच्या कचेरीतून खिंडीवर फोन जायचा. मग तिथला पहारेकरी शकरमामद लाकडी पट्टी घेऊन बाहेर पडायचा, बर्फ मोजायचा आणि आकडा सांगायचा. त्या पहाटे चौकोन रिकामा नव्हता. शून्य म्हणजे बर्फ थांबला. म्हणून फोन कुणी केला नाही, रस्ता खुला राहिला, आणि आठ वाजता पैरवशो आपला बर्फ लोटायचा ट्रॅक्टर घेऊन वर गेला. वरून हिमकडा कोसळला; त्याचा मृतदेह काढायला दोन दिवस लागले.

रिकाम्या जागी शून्य कुठून आलं, हे शोधायला तिला एक दुपार पुरली. दर रविवारी पहाटे पाचला एक स्क्रिप्ट आपोआप चाले, सर्व्हर धुऊनपुसून नव्याने उभा करी आणि पायथनच्या लागतील त्या लायब्ऱ्या, म्हणजे प्रोग्रॅमचे तयार तुकडे, पुन्हा बसवी. ती स्क्रिप्ट गुलबेगिमचीच. खोऱ्यातलं इंटरनेट इतकं मंद होतं, की लायब्ऱ्या राजधानी दुशान्बेहून एका डिस्कवर घालून भाड्याच्या जीपमधून आणाव्या लागत. डिस्कवर प्रत्येक लायब्ररीची एकच आवृत्ती असे, त्यामुळे कोणती हवी हे स्क्रिप्टला सांगायची वेळच कधी आली नाही. नोव्हेंबरात नवी केबल आली. गुलबेगिमने डिस्कची ओळ खोडून लायब्ऱ्या थेट इंटरनेटवरून घ्यायला लावल्या. दोन वेळा चालवून पाहिलं, सगळं ठीक होतं. आवृत्त्यांचे आकडे मात्र तिने लिहिले नाहीत. जी सर्वांत नवी, ती येणार होती. फेब्रुवारीच्या त्या आठवड्यात एका लायब्ररीची नवी आवृत्ती निघाली. ती न आलेल्या मापाच्या जागी शून्य भरत होती.

तिने त्याच दुपारी स्क्रिप्टमध्ये जुन्या आवृत्त्यांचे सगळे आकडे लिहिले आणि बदलाच्या नोंदीत दोन शब्द घातले: किरकोळ साफसफाई.

त्या संध्याकाळी ती पैरवशोच्या घरी रोट्या घेऊन गेली. मृत्यूनंतरचा तिसरा दिवस होता, रिवाजाप्रमाणे दिवा लावायचा होता. बायकांमध्ये ती भिंतीला टेकून बसली असताना दाराशी शकरमामद आला. पैरवशोच्या बायकोने उठून त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं. गुलबेगिमने रोट्यांचं फडकं पुढे सरकवलं. उद्या सांगू, असं तिने ठरवलं. मग रोज तेच ठरवत गेली.

आज शकरमामदला जबाबावर सहीसाठी खिंडीवरून खाली कचेरीत बोलावलं होतं.

"या बोबो, बसा. आधी चहा घ्या," कचेरीचे प्रमुख, मुदीर, म्हाताऱ्याला म्हणाले. दुधाच्या खारट चहात त्यांनी स्वतः लोण्याचा गोळा सोडला.

"चहा पाजून सही घेताय होय? आमच्या वेळी पोरींची लग्नं अशी उरकायचे." म्हाताऱ्याने कटोरा दोन्ही हातांत धरला. "लिहिलंय काय ते वाचा. चष्मा वर राहिला."

मुदीरनी वाचलं. पहारेकरी झोपला होता. बर्फ गुडघ्यावर गेला तर त्याने स्वतःहून कळवावं असा नियम असताना त्याने कळवलं नाही.

"झोपलो होतोच की. पहाटे माणूस झोपतो. फोन वाजला की उठतो. सात वर्षं झाली, त्या मिझगोनाला विचारा, दुसऱ्या घंटेला उचलतो का नाही."

"दुसऱ्या कसल्या, बोबो? पाचव्या," संगणकाच्या पडद्यापाशी बसलेली मिझगोना म्हणाली. त्या पहाटे तिचीच पाळी होती. ती हसायला गेली, पण हसू तिथेच विरलं.

"बरं, पाचव्या. पण उचलतो. त्या दिवशी वाजला नाही." शकरमामद थांबला. "की वाजला, आणि मलाच ऐकू आला नाही? तू केला होतास का गं, पोरी? खरं सांग. मी रागावणार नाही."

"नाही केला. पडद्यावर शून्य होतं, बोबो."

"यंत्र शून्य म्हणत होतं म्हणजे शून्यच असणार. मग एवढा बर्फ आला कुठून?" त्याने कटोरा खाली ठेवला. "आता रोज पहाटे ऐकू येतो. उठून बसतो. उचलतो, तर पलीकडे कुणी नसतं."

"कागद सरकारी वकिलाकडे जाईल," मुदीर हलक्या आवाजात म्हणाले, "पण तुमचं वय बघून..."

"वय बघून काय? अर्धाच कोंडतील?"

मुदीर गुलबेगिमकडे वळले. "गुलबेगिम, यापूर्वी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तपासते आहे म्हणालीस. चौकशी समितीला आज लिहायचंय. यंत्रात दोष नव्हता, असं लिहू ना?"

गुलबेगिमला आई आठवली, घरात लेकीशिवाय दुसरं कुणी नसलेली. वकिलाच्या कचेरीतला तो लांब, थंड व्हरांडा आठवला. समोर शकरमामदने पेन उचललं होतं आणि सही कुठे करायची ते तो बोटाने चाचपत होता. ओळ सापडत नव्हती. त्याला मदत करायला मिझगोना पुढे झाली.

"थांब, मिझगोना." आवाज गुलबेगिमला स्वतःलाही अनोळखी वाटला. "पेन खाली ठेवा, बोबो. फोन वाजलाच नव्हता, तुमचे कान ठीक आहेत. रिकाम्या जागी शून्य माझ्या स्क्रिप्टमुळे आलं. मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं आणि मी ते गुपचूप दुरुस्त करून गप्प बसले. मुदीर, दुसरा कागद घ्या. मी सांगते तसं लिहा आणि खाली माझं नाव घाला."