डब्यातला गोंद

टाइल खाली सरकली होती. दोनच मिलिमीटर. पण तीस वर्षं टाइल बसवत भिंतींशी संसार केलेल्या ओस्नेला ते दोन मिलिमीटर दारातूनच दिसले. वरून तिसऱ्या रांगेत सांध्यात भरलेलं ग्राउट टाइलच्या कडेपासून केसाएवढं सुटलं होतं आणि ती फट सरळ कोपऱ्यापर्यंत गेली होती. तिनं बोटाच्या पेरानं टाइल वाजवली. बद्द. शेजारची वाजवली. तीही बद्द. अख्खी भिंत ओल्या पोत्यासारखी बोलत होती.

गुरुवार होता. शनिवारी फुटबॉल क्लबाच्या नव्या शॉवरखोलीचं उद्घाटन. सामना संपला की बारा वर्षांखालच्या चौदा पोरी याच भिंतीखाली अंघोळीला उभ्या राहणार होत्या. एकेक आडवी टाइल त्या पोरींच्या गळ्याएवढी लांब, वजन सतरा किलो.

आणि त्या टाइल बसवल्या होत्या खुद्द ओस्नेनं.

कसं झालं ते लाज वाटावी इतकं साधं आहे. फ्योर्डकाठच्या, डोंगरांत शिरलेल्या खाडीकाठच्या, त्या गावात सगळं श्रमदानावर चालतं. धक्का रंगवायचा असो की मैदानाला कुंपण घालायचं असो, लोक थापी, कुदळ घेऊन हजर. नाही म्हणणाऱ्याला कुणी शिवी देत नाही. फक्त पुढच्या वेळी त्याच्या कपात कॉफी ओतायला विसरतात. फेब्रुवारीतल्या बैठकीत दुकानदार सिव्हर्टनं गोंदाचे बावीस डबे क्लबाला देऊन टाकले. तयार कालवलेला गोंद, झाकण उघडा नि थापा. टाळ्या पडल्या. ओस्ने म्हणाली होती, की शॉवरच्या भिंतीला, त्यातून एवढ्या मोठ्या टाइलला, गोणीतला सिमेंटचा गोंद लागतो. त्यात पाणी घातलं की तो आपला आपण दगड होतो. डब्यातला हवेनं वाळतो. मागे वॉटरप्रूफिंगचा रबरी लेप, पुढे थेंबभर पाणी न पिणारी टाइल. मधली ओल जाणार कुठून?

ती हे एकदाच म्हणाली, तेही हळू. सगळ्यांनी वॅफलवर जॅम पसरायला घेतला. सिव्हर्टचे कान लाल झाले. मग क्लबाची अध्यक्ष गुनवोर गोड आवाजात म्हणाली, की देणाऱ्याचे आधी आभार मानू या. संपलं. फुकट दिलेल्याला नाव ठेवणं म्हणजे त्या गावात देणाऱ्याच्या ताटात माती कालवणं. मोठमोठ्या ठेकेदारांना तोंडावर गाढव म्हणणारी ओस्ने शेजाऱ्यांपुढे गप्प बसली. गप्प बसून तिनं दातेरी थापी उचलली. निदान बाहेरचं पाणी तरी आत जाऊ नये म्हणून ग्राउट मात्र तिनं स्वतः निवडलं, महागातलं, इपॉक्सीचं. त्या ग्राउटनं आपलं काम चोख केलं. आतली ओल त्यानं आतच कोंडून ठेवली.

आता तिनं सांधा कापला आणि रबरी पकड लावून सरकलेली टाइल ओढली. चिखलातून बूट निघावा तसा आवाज झाला. पाच आठवडे उलटले होते, तरी थापीच्या रेघा काल ओढल्यासारख्या ओल्या चमकत होत्या. तिनं बोट टेकवलं. ते नखापर्यंत आत गेलं.

तिनं फोन करून गुनवोर आणि सिव्हर्ट दोघांनाही बोलावलं. दोघं आली, भोकाकडे बघत उभी राहिली. सिव्हर्ट म्हणाला, की एक टाइल सुटली तर एक बसव, त्यात एवढं काय. गुनवोरनं विचारलं, की शनिवारी गरम पाणी बंद ठेवलं तर नाही का चालणार.

"पाण्याचा प्रश्न नाही गं, वजनाचा आहे," ओस्ने म्हणाली. "ही भिंत सवयीनं उभी आहे."

"धर्माची गाय अन् म्हणे दात का नाय," सिव्हर्ट म्हणाला. "आणि बसवली कुणी ही भिंत? मी?"

"मी. माझ्यासारखी मूर्ख मीच. म्हणून तर सांगतेय. सिव्हर्ट, तुझी नात त्या संघात आहे. उभी करशील तिला इथं?"

सिव्हर्टनं कोटाची बटणं लावली. मग म्हणाला, "करीन."

ओस्ने हत्यारांच्या पेटीकडे वळली. कारण तो खरंच करणार होता. बावीस डब्यांच्या मानापायी हा माणूस आपल्या नातीला भिंतीखाली उभी करणार होता, आणि बाकीचे गावकरी आपापल्या पोरी तिच्या शेजारी उभ्या करणार होते, कुणाच्या भावना दुखावू नयेत म्हणून.

तिनं छिन्नी घेतली. गुनवोर तिला परत परत सांगत राहिली, की असं एकटीनं ठरवायचं नसतं, आपण बैठक घेऊ. ओस्नेनं सहा टाइल उतरवल्या. सातवी तिनं हात लावायच्या आधीच आली. सावकाश घसरली, एका कोपऱ्यावर वळली आणि जमिनीवर फुटली. सुऱ्यांसारखे तुकडे पार मोरीच्या जाळीपर्यंत गेले. गुनवोरनं तुकड्यांकडे पाहिलं नाही. बाहेर कुणी ऐकलं का, ते बघायला ती दाराशी गेली.

संध्याकाळपर्यंत भिंत उघडी पडली. शनिवारी कुलूपबंद दारासमोर फीत कापली गेली, सिव्हर्टला फुलं मिळाली, पोरी घामेजल्या अंगानं घरी गेल्या. ओस्नेशी कुणी भांडलं नाही. भांडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

सोमवारी बैठक भरली. सिव्हर्टनं मोठ्या मनानं झालं गेलं विसरून पुन्हा बावीस डबे देऊ केले. तेच. या वेळी टाइल लोक आपसांत बसवतील, ओस्नेला त्रास नको, असं गुनवोर म्हणाली आणि तिनं मत मागितलं.

ओस्ने उठली. "तुम्ही बसवा. मी पुन्हा पाडीन."

कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. मग हात वर गेले, एकेक करून. गोलकीपर पोरीच्या आईनं मान खाली घालून हात वर केला. विरोधात एकच हात होता. गुनवोरनं तशी नोंद केली, पान उलटलं, आणि ग्राउट पांढरं घ्यायचं की राखाडी, यावर चर्चा सुरू झाली. ती मात्र चांगली रंगली. प्रत्येकाला काही ना काही म्हणायचं होतं.