तेलाची टाकी

काचेची भट्टी एकदा पेटली की विझवायची नसते. विझली की आतली काच दगडासारखी होते आणि विटा फुटतात. आमची अकरा वर्षं पेटती होती. आधी सासऱ्यांनी सांभाळली, मग मी.

सासरे दर रविवारी गॅस बंद करून तासभर भट्टी तेलावर चालवायचे. गॅस शेजारच्या देशातून येतो, चावी त्यांच्या हातात, असं म्हणायचे. लोक हसायचे. सासरे निवृत्त झाले आणि मॅनेजरसाहेबांनी तेलाची टाकी काढून तिथे मोटारींची शेड बांधली. गॅस स्वस्त होता ना! टाकी काढायच्या कागदावर सही माझी. घरी मी चकार शब्द काढला नाही.

सोमवारी सकाळी गॅसचा दाब उतरू लागला. पाइपाची दुरुस्ती आहे, असं शेजारच्या देशाने कळवलं. डोंबलाची दुरुस्ती! त्यांना हव्या असलेल्या बंदराच्या करारावर आमचे मंत्री सही करत नव्हते. नाक दाबलं की तोंड उघडतं, खरंय. पण तोंड मंत्र्यांचं आणि नाक मात्र आमचं!

मॅनेजरसाहेब म्हणाले, थांबा, संध्याकाळपर्यंत काहीतरी निघेल. मी सासऱ्यांना बोलावलं. ते शेडमधल्या मोटारींकडे बघत राहिले.

"बाबा, सही मीच केली होती."

"माहीत आहे. आता भट्टीचं बोल. ती तुझी आहे."

मी थांबले असते तर काच आतच गोठली असती. मी साहेबांना न विचारता भट्टीचं तळाचं तोंड फोडून वितळलेली काच बाहेर सोडली. अकरा वर्षांची आग लालभडक धारेने पाण्याच्या खड्ड्यात गेली. भट्टी विझली, पण विटा बऱ्याचशा वाचल्या. सासऱ्यांनी डोळे पुसले. मला रडूही येईना, इतका संताप झाला होता.

संध्याकाळी मंत्र्यांनी सही केली आणि तासाभरात दाब पूर्ववत झाला. पुरवठा सुरळीत, कोणाचंही नुकसान नाही, असं बातम्यांत सांगितलं. साहेब धावत आले. गॅस आलाय, विटा बदला आणि लवकरात लवकर पेटवा, म्हणाले. पुढच्या करारालाही हेच होणार, हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं.

"विटा बदलते," मी म्हटलं. "पण शेडच्या जागी टाकी बसल्याशिवाय काडी ओढणार नाही."

साहेबांनी सासऱ्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, चावी तिच्याकडे आहे.

साहेब खाली गेले आणि त्यांनी आधी स्वतःची मोटार हलवली.